मिसळ खायला बरी, शिफ्टमध्ये नको?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे, मालक परवा चहा पिता पिता म्हणाले, "मिसळ खायला बरी, शिफ्टमध्ये नको. आपली पोरं एका लाइनीला, यूपी-बिहारची दुसऱ्या. भांडण नाही, तंटा नाही." शिवाय एका 'तज्ज्ञा'कडून कामगारांच्या बोटांचे ठसे तपासून कुणाचं कुणाशी जमेल याचा तक्ताही त्यांनी पैसे मोजून करून घेतलेला. ठशांवरून माणूस ओळखता येतो, स्वभाव नाही. तो तक्ता मी मुकाट्यानं घडी करून परत दिला.

पण मिसळीचं म्हणणं असं परत देता येईना. वेगवेगळ्या समाजाची माणसं एका कामावर लावली की उत्पादन खरंच घटतं का? हे कुणीतरी मोजलंय, तेही केनियातल्या गुलाब पॅक करणाऱ्या कारखान्यात. योनास यॉर्ट या अर्थशास्त्रज्ञाचा तो अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला.

तिथं एका टेबलावर तिघं. एक फुलं आणून पुरवणारा, दोघं पानं काढून, देठ छाटून जुड्या बांधणारे. बांधणाऱ्याला मजुरी त्याच्या स्वतःच्या फुलांवर. पुरवणाऱ्याला दोघांच्या मिळून होणाऱ्या फुलांवर. कामगार साधारण निम्मे किकुयू या वांशिक गटाचे, निम्मे लुओ गटाचे. कोण कुठल्या टेबलाला हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायचं, म्हणून टेबलाटेबलांची तुलना करता आली.

आता गंमत बघा. तिघं एकाच गटाचे असले की काम सर्वांत जास्त. दोन्ही बांधणारे परके असले की पुरवणारा हात आखडता घ्यायचा. एक आपला, एक परका असला की जास्त फुलं आपल्याकडं सरकायची आणि परक्याच्या वाट्याला कमी यायची. यात पुरवणाऱ्याची स्वतःची मजुरीही बुडत होती. म्हणजे स्वतःच्या खिशाला चाट लावून तो दुसऱ्याचा खिसा हलका करत होता! काम घटत होतं ते बांधणाऱ्यांच्या हातातल्या कसबामुळं नव्हे, फुलं ज्या वाटेनं जातात त्या वाटेवर बसलेल्या माणसामुळं.

2007 च्या निवडणुकीनंतर तिथं दंगली उसळल्या आणि हा भेद एकदम वाढला. कारखान्यानं प्रवचनं दिली नाहीत. दोन्ही बांधणाऱ्यांची फुलं एकत्र मोजून मजुरी निम्मी-निम्मी द्यायला सुरुवात केली. आता आपल्याकडं फुलं सरकवली तरी त्यातली अर्धी कमाई परक्याच्याच खिशात. सरकवण्यात काही उरलंच नाही, आणि एक आपला, एक परका अशा मिश्र टेबलांचं काम वाढलं. मनातला आकस तसाच राहिला असेल. त्याला वाट मिळेनाशी झाली.

आकसही हलतो, पण तो नुसत्या शेजारानं नव्हे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. एकाच संघात खेळलेल्या वेगळ्या जातीच्या पोरांत मैत्री वाढली, समोरासमोर खेळलेल्यांत उलट झालं. म्हणजे मराठी लाइन विरुद्ध बिहारी लाइन अशी टार्गेटची शर्यत लावणारे मालक नेमका उलटा प्रयोग करतात.

कोल्हापूरला हे नवं वाटू नये. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी नोकऱ्यांत मागास जातींसाठी 50 टक्के जागा राखल्या, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला मदत केली आणि तिथं थांबून सगळ्यांदेखत चहा घेतला. दार उघडणं वेगळं, टेबल मांडणं वेगळं.

मालकांबरोबर शॉपमध्ये गेलो. कोअरची, म्हणजे साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यांची, ट्रॉली घेऊन एकजण साचे करणाऱ्या दोन मोल्डरांमधून फिरत होता. धड कोअर डावीकडं, कडा उडालेले उजवीकडं. डावीकडचा त्याच्या गावचा. मोल्डरांना मजुरी पेटीवर, म्हणजे तयार केलेल्या साच्यांवर, ट्रॉलीवाल्याला रोजावर. केनियातल्या माणसाचं निदान काही बुडत तरी होतं. याचं काहीच बुडत नाही.

"दोघांच्या पेट्या एकत्र मोजा," मी म्हणालो.

"मग चांगला हात ढिला पडंल की," मालक म्हणाले.

बरोबर होतं त्यांचं. केनियात एकाच गटाच्या टेबलांवर काम थोडं घटलंच होतं. एक आपला, एक परका अशा टेबलांवर मात्र इतकं वाढलं की कारखान्याची एकूण बेरीज वरच राहिली. मालकांनी ट्रॉलीतला एक कडा उडालेला कोअर उचलला आणि उजवीकडच्या मोल्डरच्या आजच्या पेट्या किती, ते सुपरवायझरला विचारलं.