यकृतातील थकलेल्या टी पेशी

यकृताचा आजार म्हटला की प्रतिकारशक्ती कमी पडली असे सर्रास सांगितले जाते आणि ती वाढवणारी चूर्णे, काढे लगेच सुचवले जातात. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंच्या जुनाट संसर्गात ही समजूत फार तोकडी पडते. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशींना स्वतः फारशी इजा करत नाही. त्या पेशींचा नाश मुख्यतः आपल्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतील एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, करतात. तपासणीच्या कागदावर एसजीपीटीचा आकडा चढलेला दिसतो, तो अशा जखमी यकृतपेशींमधून रक्तात झिरपलेल्या विकराचा (एन्झाइमचा) असतो.

या टी पेशी काम कशा करतात, हे पाहण्यासारखे आहे. यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बारीक छिद्रे असतात. उंदरांवरील २०१५ मधील प्रयोगांत असे दिसले की मारक टी पेशी रक्तवाहिनीतून बाहेर न पडताच या छिद्रांतून आपले पातळ फाटे पलीकडे घालते आणि यकृतपेशीचा पृष्ठभाग चाचपते. तेथे विषाणूच्या प्रथिनाचा, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचा, ओळखीचा तुकडा मांडलेला सापडला, तर ती पेशीला मारणारी प्रथिने सोडते. शिवाय इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवते, ज्याने पेशी न मारताही विषाणूची वाढ दाबली जाते.

प्रौढ वयात हिपॅटायटिस बीची लागण झाल्यास ९५ टक्क्यांहून अधिक लोक याच बळावर संसर्गातून सुटतात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो जुनाट होतो. पुढे रक्तात विषाणूच्या पृष्ठ-प्रथिनाचे पोकळ कण प्रत्यक्ष विषाणूच्या हजारो पट साचतात आणि टी पेशींना शत्रूची खूण अहोरात्र, वर्षानुवर्षे दिसत राहते.

याच सततच्या चिथावणीने टी पेशी थकतात. उंदरांमधील अशाच जुनाट संसर्गात हे प्रथम १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. थकव्याला एक क्रम असतो: आधी इंटरल्यूकिन-२ हे संदेशवाहक प्रथिन बनवण्याची व वेगाने विभागण्याची क्षमता जाते, मग टीएनएफ हे दुसरे संदेशवाहक प्रथिन बनवण्याची, आणि शेवटी इंटरफेरॉन-गॅमा बनवण्याची. त्याच वेळी पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-१ हे प्रथिन दाटते. यकृतपेशीवरील जोडीदार प्रथिन त्याला चिकटले की पीडी-१ आतल्या बाजूला एसएचपी-२ हे विकर ओढून घेते आणि ते विकर सक्रियतेच्या संदेशावरील फॉस्फेट काढून टाकून संदेश तेथेच थांबवते. २०१९ मध्ये दिसून आले की टॉक्स नावाचे प्रथिन पेशीतील डीएनएची गुंडाळणीच बदलून ही अवस्था पक्की करते. म्हणून हिपॅटायटिस सी गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत समूळ बरा होत असला, तरी टी पेशींवरील या खुणा बऱ्याच अंशी तशाच राहतात, आणि बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा लागण होऊ शकते.

हा थकवा शरीराचा दोष आहे, असे मला वाटत नाही. पीडी-१ चे जोडीदार प्रथिन नसलेल्या उंदरांना २००६ च्या प्रयोगांत असाच जुनाट संसर्ग दिला, तेव्हा ते स्वतःच्याच अनिर्बंध टी पेशींमुळे मेले. टी पेशींना लागलेला हा ब्रेक कोणत्याही काढ्याने सुटत नाही, आणि सरसकट सुटणे हिताचेही नाही. गळ्यात काविळीची माळ घालून रोग उतरवण्याची प्रथा तर याहून घातक आहे. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते, इतकेच तिचे रहस्य. हिपॅटायटिस ए आणि ई बहुधा आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला मिळते. जुनाट बी मात्र अनेकदा कावीळ न दाखवताच यकृत पोखरत राहतो आणि तपासणीची वेळ निघून जाते.

थकलेल्या टी पेशींमध्ये टीसीएफ-१ हे प्रथिन बाळगणारा एक छोटा गट शिल्लक असतो. पीडी-१ रोखणाऱ्या औषधांना प्रतिसाद देऊन पुन्हा विभागतो तो हाच गट, हे २०१६ मध्ये उंदरांत दिसले. त्यामुळे हिपॅटायटिस बीवरील आजच्या संशोधनात आधी पृष्ठ-प्रथिनाचा साठा कमी करायचा आणि मग या गटाला लसीने किंवा पीडी-१ रोधकाच्या बेताच्या मात्रेने जागवायचे, असा क्रम आजमावला जात आहे. यकृताचा मोठा भाग संसर्गित असताना ब्रेक एकदम सोडला, तर टी पेशींच्या हल्ल्यात यकृतच निकामी होण्याचा धोका असतो.