बेरी की मरून? दिसायला जुळ्या, चेहऱ्यावर वेगळ्या

टोपणं काढून शेजारी धरल्या, तर बेरी आणि मरून या दोन लिपस्टिक बहुतेक वेळा सारख्याच काळपट लाल दिसतात. काउंटरवरची मुलगीही ‘एकच आहे ताई, थोडासा फरक’ म्हणत दोन्ही पुढे करते. हा थोडासा फरक चेहऱ्यावर गेला की चांगलाच जाणवतो. बेरीच्या लालात निळ्याची झाक असते, मरूनच्या लालात तपकिरीची. डोळ्यांखाली काय लावायचं, गालावरची चमक कुठल्या रंगाची घ्यायची, रात्रीच्या दिव्यांत काय दिसेल, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

ओळखायचं असेल तर पांढऱ्या टिश्यूवर लिपस्टिकचा ठिपका द्या आणि बोटाने अगदी पातळ पसरवा. जाड थरात रंगाचा स्वभाव कळत नाही. पातळ झाल्यावर बेरी गुलाबी-जांभळी होते, जांभळं खाल्ल्यावर जिभेवर राहतो तशा रंगाची. मरून विटकरी किंवा चॉकलेटी होते. हे दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात करा. पिवळ्या दिव्यांच्या प्रकाशात निळा भाग कमी असतो, त्यामुळे बेरीतली निळी झाक उठतच नाही आणि तीही मरून भासते. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या झुंबरांखाली हेच होतं. संध्याकाळच्या रिसेप्शनला बेरी लावायची असेल, तर दिवसा जरा जास्तच जांभळी वाटणारी छटा निवडा.

लेबलवरूनही अंदाज येतो. मरूनचा तपकिरीपणा बऱ्याचदा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो: सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगाचा क्रमांक) ७७४९१ म्हणजे तांबडा, ७७४९९ म्हणजे काळा. बेरीत ४५४१० हा निळसर गुलाबी रंग किंवा ४२०९० हा निळा सापडू शकतो. पण अनेक कंपन्या सगळ्या छटांची मिळून एकच यादी छापतात, म्हणून माझा भरवसा टिश्यूवरच जास्त. शाकाहारी असाल तर ७५४७० हा आकडा मात्र नक्की शोधा. तो कार्माइन, कोचिनील किड्यापासून मिळणारा निळसर लाल.

बेरी गडद असली म्हणजे जाडच लावली पाहिजे असं नाही. ‘क्लिनिक’ (Clinique) या मेकअप कंपनीची ‘ब्लॅक हनी’ ही १९७१पासूनची छटा पाहा. नळीत जवळजवळ काळी दिसते, ओठांवर मात्र पारदर्शक उतरते आणि प्रत्येकीच्या ओठांचा मूळ रंग तिच्यातून डोकावतो. २०२१मध्ये टिकटॉकवरून ती पुन्हा जगभर गाजली. पहिल्यांदाच गडद रंग लावणार असाल, तर अशाच पारदर्शक बेरीने सुरुवात करा.

आता त्वचेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मरून चेहऱ्यावरच्या पिवळसर-तपकिरी रंगात सहज मिसळते. थोडा मॅट, पावडर लावलेला चेहराही तिच्याबरोबर चालून जातो. बेरीचं तसं नाही. चेहऱ्यावर जे जे जांभळट किंवा लालसर आहे ते बेरीमुळे उठून दिसतं: डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकाच्या कडेची लाली, मुरुमांचे डाग. म्हणून आधी डोळ्यांखाली केशरी किंवा पीच करेक्टर (काळपटपणा मारणारं रंगीत क्रीम) बोटाने थापून घ्या, मग वर पातळ कन्सीलर. फाउंडेशन जिथे गरज आहे तिथेच. सगळा चेहरा झाकून, पावडरने कोरडा केला आणि वर बेरी लावली, तर चेहरा थकलेला दिसतो. या रंगाला जिवंत, ओलसर दिसणारी त्वचाच हवी.

ही चमक मॉइश्चरायझरपासून सुरू होते. तो मुरायच्या आत, त्वचा किंचित ओली असतानाच क्रीम ब्लश लावा, आणि तोही बेरीच. लिपस्टिकचाच एक ठिपका गालाच्या उंचवट्यावर थापला तरी पुरतो. हायलायटर गालाच्या हाडावर आणि वरच्या ओठाच्या खाचेत. कपाळ, नाक आणि हनुवटी यांना त्यातून वगळा. तिथली चमक तेलकट वाटते, मुंबईच्या दमटपणात तर तासाभरातच. तिथे बारीक पावडर चालेल. नागपूरच्या कोरड्या थंडीत तीही नको.

हायलायटरचा रंग निवडताना मरूनबरोबर सोनेरी घ्या, बेरीबरोबर शॅम्पेन किंवा गुलाबी झाक असलेला. चंदेरी-पांढरा हायलायटर गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर राखेसारखा पडतो, तो दोन्हींबरोबर टाळा.

सावळ्या मुलींना ‘तुला गडद रंग शोभत नाही’ असं अजूनही घराघरांत सांगितलं जातं. ते साफ चूक आहे, आणि ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. फिक्या गुलाबी लिपस्टिकमध्ये पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असतं, त्यामुळे सावळ्या ओठांवर त्याच राखाडी दिसतात. आपल्या ओठांत मुळातच तपकिरी-जांभळी छटा असते आणि बेरी तिच्यावर सुरेख बसते. आमसुली किंवा वांगी रंगाच्या पैठणीवर सावळ्या चेहऱ्यावरची बेरी पाहा, दुसरं काही सुचणार नाही. सोन्याच्या दागिन्यांबरोबर मरूनच हवी हाही नुसता समज. नथीच्या पिवळ्या सोन्याशेजारी बेरीचा थंड लाल अधिक उठतो. निळ्या झाकेमुळे दातही पांढरे वाटतात. तपकिरी मरूनमध्ये तेच पिवळे दिसू शकतात.

डोळे शांत ठेवा. पापणीच्या मुळाशी वांगी रंगाची पेन्सिल आणि मस्कारा, बस. ओठ एवढे गडद असताना जाड काळं काजळ चेहरा जड करतं.

घरी फक्त मरून असेल, तर जांभळट लिप लायनरने आधी सगळे ओठ भरा आणि वर मरून बोटाने पातळ थापा. रंग बेरीकडे झुकतो. लायनरऐवजी डोळ्यांची जांभळी पेन्सिल मात्र ओठांना लावू नका. तिच्यात अल्ट्रामरीनसारखे रंग असू शकतात, आणि अमेरिकेत ते डोळ्यांभोवती चालत असले तरी ओठांसाठी त्यांना परवानगी नाही.