क्लासिक मोटारींवरील सोनेरी धातुसाज : पुनरुज्जीवन

जुन्या मोटारीचे ग्रिल, बाजूच्या पट्ट्या, नावाची अक्षरे, बोधचिन्हे, चाकांच्या टोप्या यांवरील सोनेरी झळाळी पूर्ववत करण्याचे काम. या झळाळीत खरे सोने क्वचितच असते. बहुतेक ठिकाणी तो ॲनोडाइज्ड (विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवलेल्या) ॲल्युमिनियममध्ये मुरवलेला रंग असतो, काही ठिकाणी क्रोमवर मारलेले पिवळसर पारदर्शक लॅकर, तर मोजक्या गाड्यांवर सोन्याचा मुलामा. एकावरचा उपाय दुसऱ्याचा नाश करतो. त्यामुळे ओळख पटल्याशिवाय मेटल पॉलिशचा डबा उघडू नये.

ओळख पटवणे मात्र फार अवघड नाही. मल्टिमीटरची टोके टेकवली की मुलाम्यातून वीज वाहते, ॲनोडाइज्ड थरातून वाहत नाही. लॅकरमधूनही ती वाहत नाही, पण आडोशाच्या जागी थिनरचा बोळा फिरवल्यास लॅकर बहुधा सुटू लागते.

सोनेरी ॲनोडायझिंगची लाट १९५० च्या दशकात अमेरिकेत आली. १९५६ च्या प्लिमथ फ्युरीच्या पांढऱ्या अंगावरची पट्टी आणि १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरचे ग्रिल ही तिची ठळक उदाहरणे. खऱ्या सोन्याचा थाट पाहायचा तर १९५१ ची डेमलर ‘गोल्ड कार’. कंपनीच्या अध्यक्षांच्या पत्नी लेडी डॉकर यांच्यासाठी घडवलेल्या या गाडीवर क्रोमच्या जागी सोन्याचा मुलामा होता, शिवाय दोन्ही बाजूंवर हजारो सोनेरी चांदण्या. अभिरुचीबद्दल मतभेद असू शकतात, कारागिरीबद्दल नाहीत.

सर्वांत कसोटी लागते ती ॲनोडाइज्ड पट्टीवर. इथे रंग वरून दिलेला नसतो. ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडच्या सूक्ष्म छिद्रांत तो शिरलेला असतो आणि उकळत्या पाण्याने ती छिद्रे बंद केलेली असतात. म्हणून ओरखडा तेवढ्यापुरता बुजवता येत नाही, आणि बफिंग केले की सोनेरीपणाच निघून जातो. उन्हाने फिका पडलेला रंग परत आणायचा तर जुना थर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात पूर्ण उतरवावा लागतो. पट्टी द्रावणात जास्त वेळ राहिली तर खालचा धातूही खाल्ला जातो. नंतर पोचे मागच्या बाजूने हलक्या ठोक्यांनी काढणे, घासणे, चकाकी आणणे. मग सुमारे १५ ते २० टक्के सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात नवा थर, त्यावर रंग, शेवटी छिद्रबंदी. छटा मिश्रधातूवर, थराच्या जाडीवर आणि रंगात ठेवलेल्या वेळेवर ठरते. गाडीचे सगळे भाग एकाच खेपेत करावेत ते यासाठीच. वेल्डिंगला सिलिकॉनयुक्त तार वापरली असेल तर तो सांधा ॲनोडायझिंगनंतर काळपट डाग बनून उमटतो, आणि तो झाकायला मार्ग नाही.

मुलाम्याचे दुखणे वेगळे. सोने स्वतः गंजत नाही, पण थर बहुधा मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि पुसून पुसून झिजतो. खाली जस्ताचे ओतीव काम असेल तर त्याला फोड येतात. तेव्हा सारे थर उतरवून खड्डे साफ करायचे, तांबे भरून सपाट करायचे, त्यावर निकेल आणि मग सोने. निकेल वगळले तर तांबे हळूहळू सोन्यात झिरपून रंग मळवते. मुलाम्याच्या हौदात अनेकदा सायनाइड असते, म्हणून हे काम घरच्या गॅरेजचे नव्हे. लॅकरचे काम त्यामानाने सोपे : जुने उतरवा, क्रोम स्वच्छ करा, नवे फवारा. टायटॅनियम नायट्राइड या सोनेरी दिसणाऱ्या कठीण संयुगाचा, निर्वात पोकळीत चढवलेला लेप टिकाऊ असतो, पण तो त्या काळाचा नाही आणि जाणकाराला ते लगेच कळते.

थोडी फिकी, पण धड असलेली मूळ पट्टी शक्यतो तशीच ठेवावी. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिव्हा’ हिची ट्यूरिन सनदही जतनाला अग्रक्रम देते. देखभालीला सौम्य साबण आणि मऊ कापड पुरते. तीव्र अल्कधर्मी धुण्याच्या द्रवांनी ॲनोडाइज्ड थरावर पांढरे डाग पडतात, आणि ते पॉलिशने जात नाहीत.