सुरू की सायप्रस?

दापोली-गुहागर पट्ट्यात नवं घर बांधणाऱ्या अनेकांना अंगणात एकच डौलदार झाड हवं असतं: बारमाही हिरवं, फांद्या खाली लवलेल्या, लांबून नजरेत भरणारं. हातात फोटो असतो काश्मिरी सायप्रसचा. समोर पुळणीवर सुरूचं बन डोलत असतं, त्यामुळे वाटतं की दोन्ही एकाच गोतावळ्यातली झाडं, सुरू येतो म्हणजे हेही येईल. पण हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी महागडी रोपं वाया जातात.

सायप्रस सूचिपर्णी आहे, म्हणजे फुलांऐवजी शंकूत बी धरणारा; सुरू तसा नाही. सुरू हा आंब्या-फणसासारखा फुलं धरणारा वृक्ष. खात्री करायची तर त्याची एक हिरवी सुई हातात घ्या. ती पान नव्हेच, बारीक डहाळी आहे. दोन्ही टोकं धरून हलकेच ओढली की ती पेरावर सुटते आणि सुटलेल्या तोंडाशी सात-आठ इवल्या दातांचं कडं दिसतं. ते दात म्हणजे सुरूची खरी पानं. उन्हाळ्यात पाणी राखायला त्यानं पानं एवढी आखडून घेतली आणि अन्न तयार करायचं काम डहाळीकडे दिलं. सायप्रसची डहाळी अशी पेरापेरानं सुटत नाही. तिच्यावर खवल्यांसारखी पानं जोडीजोडीनं चिकटलेली असतात आणि चुरगळली की राळेसारखा वास येतो. सुरूची खडबडीत बोंडंही शंकूसारखी दिसतात, पण त्यांच्या प्रत्येक उघड्या चोचीतून पंख असलेलं एक छोटं फळ बाहेर पडतं.

जात वेगळी म्हणून गरजाही वेगळ्या. नावात काश्मीर असलं तरी काश्मिरी सायप्रस भूतान आणि अरुणाचलच्या डोंगरांतला, साधारण हजार-बाराशे मीटरच्या वरचा. थंड हवा आणि पाणी न साचणारी उतरण ही त्याची सवय. आपल्याकडे रात्रीही उकाडा, वाऱ्यात मीठ, आणि जांभ्यात खणलेला खड्डा पावसाळ्यात विहिरीसारखा भरलेला. अशा पाण्यात मुळं कुजतात. घाटमाथ्यावर कुणी हौस करून पाहावी, किनाऱ्यावर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरूला मात्र हाच खारा वारा चालतो. मुळांवरच्या गाठींतले फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नत्र पुरवतात, म्हणून निव्वळ वाळूतही तो वाढतो. १८६८ च्या सुमारास कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड सुरू झाली ती याच गुणांमुळे. बनात दाटीनं लावलेला सुरू सरळसोट वर जातो. एकटा, चहूबाजूंनी ऊन मिळालेला सुरू पसरतो, त्याच्या डहाळ्या झुबक्यांनी खाली लोंबतात. फोटोतल्या झाडाचं जे रूप मनात भरलेलं असतं, ते इथे मिळतं.

अर्थात त्याचे दोषही आहेत. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड किनाऱ्यावर सुरूची कितीतरी झाडं मुळासकट आडवी झाली. झाड सहज वीस मीटरच्या वर जातं, तेव्हा घर, विहीर आणि वीजतारांपासून निदान तेवढं अंतर ठेवा. खाली सुयांचा जाड थर साचतो आणि त्यात हिरवळ तग धरत नाही. पुळणीच्या पुढच्या पट्ट्यात तर लावूच नका. वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, त्यांना मोकळी वाळू लागते.

रोप घेताना उंच नको, गुडघाभर पुरे. पिशवीत मुळं वेटोळी झालेली असतील तर परत करा, कारण तसलंच झाड पुढे वादळात आधी पडतं. मृगाचे पाऊस स्थिरावले की लावा, आणि पहिली दोन वर्षं काठीचा आधार सैल बांधा. खोड वाऱ्यात थोडं हललं, तरच जाड होतं.