सावत्र आई-वडील आणि ताटातुटीनंतरची भेट: कायद्याची पार्श्वभूमी

बायकोच्या पहिल्या लग्नातल्या मुलाला एखाद्याने आठ-दहा वर्षे सांभाळले आणि मग नवरा-बायको वेगळे झाले, तर त्या मुलाला भेटण्याचा हक्क त्याला आपसूक मिळत नाही. सावत्र आईचेही तेच.

मुळे जुनी आहेत. १८५६च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली. पण त्याच्याच कलम ३ने मृत नवऱ्याच्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना किंवा पुरुष नातलगांना मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागण्याची सोय करून ठेवली. आईचा नवा नवरा म्हणजे मुलासाठी परका, हे त्यात गृहीतच होते. बरोबर शंभर वर्षांनी, १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने ते उघड लिहिले: कलम ६मधल्या ‘वडील’ आणि ‘आई’ या शब्दांत सावत्र वडील, सावत्र आई येत नाहीत. गंमत म्हणजे २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यात ‘आई-वडील’ या व्याख्येत सावत्रही बसतात. म्हातारपणी निर्वाह मागायला नाते पुरते, लहान मुलाला भेटायला पुरत नाही!

वाट आहे ती १८९०च्या पालक व पाल्य कायद्यातून. कलम ८नुसार मुलाचा नातेवाईक किंवा स्नेहीही अर्ज करू शकतो. कलम १७ न्यायालयाला अर्जदाराचे मुलाशी असलेले ‘सध्याचे किंवा पूर्वीचे’ संबंध बघायला सांगते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. सावत्र पालकाची सगळी भिस्त या ओळींवर. १९८४च्या कायद्यानंतर भेटीची प्रकरणे कुटुंब न्यायालयात चालतात. ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात.

अर्ज मूल एरवी जिथे राहते तिथल्याच न्यायालयात करावा लागतो. अर्जदाराच्या गावी केला तर तो हद्दीच्या मुद्द्यावरच अडकतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जन्मदात्या वडिलांचे नाव-पत्ता गाळणे. कलम ११नुसार आई-वडिलांना नोटीस जावी लागते, म्हणून तारखा वाढतात. घटस्फोटाच्या दाव्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६खाली भेट मागितली, तर ‘मूल या दोघांचे नाही’ ही हरकत ठरलेली. सरळ ताबा मागण्यापेक्षा ठरावीक दिवस, वेळ, जागा आणि व्हिडिओ कॉल मागणे शहाणपणाचे. सोबत फीच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याचे कागद जोडावेत. नाते त्यावरून दिसते.

इंग्लंडमध्ये १९८९च्या बालक कायद्याने ‘कुटुंबातले मूल’ मानून वाढवलेल्या मुलासाठी विवाहातल्या सावत्र पालकाला, लग्न मोडल्यावरही, पूर्वपरवानगीविना अर्ज करू दिला. आपल्याकडे तशी तरतूद आलेली नाही.

रीतसर दत्तक झालेले असेल तर मात्र सगळेच बदलते. मूल कायद्याने आपले ठरते, आणि १९५६च्या दत्तक कायद्याच्या कलम १५नुसार वैध दत्तक नंतर मोडता येत नाही. पण दत्तक घ्यायला जन्मदाते वडील हयात असतील तर साधारणपणे त्यांची संमती लागते, आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. शाळेच्या दाखल्यावर सावत्र वडिलांचे नाव लावले म्हणजे दत्तक झाले, असे होत नाही.