नेट्रॉन: ममी टिकवणारा क्षार

प्राचीन इजिप्तच्या श्रद्धेनुसार आत्म्याचा 'बा' नावाचा अंश दिवसा बाहेर वावरे आणि रात्री देहाशी परत येई. देहच कुजला तर त्याला परतायला जागा उरत नसे. त्यामुळे प्रेत टिकवणे हे धर्मकृत्य होते आणि ते साधत असे नेट्रॉन या क्षारामुळे.

कैरोच्या वायव्येला वादी नत्रूनमधली उथळ तळी आटली की काठाला त्याचे थर उरतात. त्यात मुख्यतः धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा असतो, शिवाय मीठ व सोडियम सल्फेट. नेट्रॉन ऊतींमधले पाणी ओढून घेते, अल्कधर्मी असल्यामुळे जिवाणूंना रोखते आणि चरबीचा काही भाग साबणात बदलते.

डाव्या कुशीत चीर देऊन यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी काढत, कारण कुजणे पोटापासूनच सुरू होते. मेंदू बहुधा नाकावाटे काढला जाई. मग पोकळीत नेट्रॉनच्या पुरचुंड्या भरून देह वरून-खालून नेट्रॉनमध्ये पुरत. वाळवण सुमारे ४० दिवस चाले. तेल, राळ आणि पट्ट्या धरून सगळा विधी ७० दिवसांचा.

देह नेट्रॉनच्या द्रावणात बुडवत असावेत, असे पूर्वी अनेक अभ्यासक मानत. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड लुकास यांनी पक्ष्यांवर प्रयोग करून कोरड्या नेट्रॉनची बाजू भक्कम केली. १९९४ मध्ये अमेरिकेत बॉब ब्रायर व रोनाल्ड वेड यांनी दान मिळालेल्या मानवी देहावर हाच विधी केला. अडीचशे किलोहून अधिक नेट्रॉन लागले आणि ३५ दिवसांत देहाचे वजन निम्म्याहून कमी झाले. द्रावणातही ऊतींमधले काही पाणी बाहेर निघते, पण देह कोरडा होत नाही, म्हणून मला हा निकाल पटतो.

वाळवणीनंतरच्या टप्प्यांत चुकाही होत. तुतनखामेन या राजाच्या ममीवर राळ इतकी ओतली होती की ती शवपेटीला चिकटली. १९२५ मध्ये ती काढताना देहाचे तुकडे करावे लागले. २१व्या राजवंशात चेहरा भरदार दिसावा म्हणून कातडीखाली भरण घालत. राणी हेनुत्तावीच्या गालांत ते जास्त झाले आणि कातडी फाटली.

हृदय मात्र जागेवरच ठेवत. मृतांचा देव ओसायरिस याच्या न्यायसभेत ते सत्याची देवी 'मात' हिच्या पिसाशी तोलले जाणार होते. तिथे त्याने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून छातीवर मंत्र कोरलेला दगडी भुंगा ठेवला जाई.