इंजिन एकोणीसपट लहान, वाफ मात्र तीच

सकाळी आठला यॉर्कशायरमधल्या त्या परसबागेत तापमान 5 अंश सेल्सिअस होते आणि माझ्या मित्राच्या छोट्या, वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचा बर्नर काही केल्या पेट घेईना. मित्राने घाई केली नाही. इंजिनाच्या केबिनमध्ये गॅसची छोटी टाकी असते. तिच्याभोवतीच्या खोबणीत त्याने किटलीतले गरम पाणी चमचाभर ओतले, मिनिटभर वाट पाहिली आणि धुरांड्याच्या तोंडाशी लायटर धरला. तेव्हा कुठे ‘भप्प’ असा आवाज होऊन ज्योत बॉयलरच्या नळीत शिरली. टाकीत भरलेल्या ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे 0.5 अंश आहे. 20 अंशांना त्याचा बाष्पदाब हवेच्या दाबाच्या दुप्पट असतो, तर 5 अंशांना तो हवेच्या दाबापेक्षा जेमतेम पंचमांशाने जास्त भरतो, आणि तेवढ्या जोरावर गॅस बर्नरपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यातच बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता द्रव आपल्याच टाकीकडून घेतो, त्यामुळे टाकी आणखी गार पडत जाते.

ही बागेतली रेल्वे इंग्लंडमध्ये ‘सोळा मिलिमीटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणात बांधलेली आहे. खऱ्या गाडीच्या 1 फुटाला येथे 16 मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रत्येक वस्तू सुमारे 19 पट लहान होते. दोन रुळांमधले 32 मिलिमीटर अंतर 19 ने गुणले की 2 फूट येतात, आणि 1907 साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीच्या रुळांतले अंतरही तेवढेच आहे. त्या गाडीत बसून डोंगर चढलेल्या मराठी माणसाला हा अरुंद मार्ग पाहताक्षणी ओळखीचा वाटतो.

लांबी, रुंदी आणि उंची 19 पटींनी घटली, की पृष्ठफळ 361 पटींनी घटते आणि घनफळ 6,859 पटींनी. दिवसभर आम्ही जे जे अडखळलो आणि जे जे सुरळीत पार पडले, त्यातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ या दोन आकड्यांमधल्या तफावतीत आहे, कारण कारागिराला लोखंड आणि पितळ हवे तेवढे लहान घडवता येते, पण पाण्याचा उत्कलनबिंदू, वाफेतली उष्णता आणि घर्षण यांना त्या प्रमाणाशी काही देणेघेणे नसते.

याचा पहिला प्रत्यय इंजिन सुटतानाच आला. दाबमापकाचा काटा दर चौरस इंचाला 40 पौंडांवर, म्हणजे सुमारे 2.7 बारवर (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब) पोहोचला होता आणि सुरक्षा झडप फुसफुसू लागली होती, म्हणून मी सिलिंडरकडे वाफ सोडणारा रेग्युलेटर जरा उघडला. “थांब, आधी त्याला हाताने पुढेमागे ढकल,” मित्र म्हणाला. मी ढकलले, तसा धुरांड्यातून वाफेऐवजी तेलकट कोमट पाण्याचा फवारा उडाला आणि माझा चष्मा माखला. गार सिलिंडरमध्ये शिरलेली वाफ भिंतींना लागताच तिचे पाणी झाले होते, आणि पाणी दाबले जात नसल्याने त्याने दट्ट्याची वाट अडवली होती. मोठ्या इंजिनातही हे घडते, परंतु लहान सिलिंडरमध्ये आतल्या वाफेच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ 19 पट अधिक असते, त्यामुळे वाफ फार लवकर उष्णता गमावते.

वाफेच्या इंजिनाचा इतिहास नेमका याच अडचणीपाशी वळला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1763-64 च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेन इंजिनाची, म्हणजे ज्यात वाफेचे पाणी सिलिंडरच्या आतच करत अशा जुन्या इंजिनाची, एक छोटी प्रतिकृती दुरुस्तीसाठी जेम्स वॉटकडे आली. तिचा बॉयलर पुरेसा मोठा दिसत असूनही काही फटक्यांतच तिची वाफ संपत असे. प्रतिकृती सदोष आहे असे म्हणून वॉट थांबला नाही. त्याने मोजमापे घेतली. प्रत्येक फटक्याला सिलिंडरच्या घनफळाच्या कितीतरी पट वाफ खर्च होते आणि तिचा मोठा भाग गार झालेला सिलिंडर पुन्हा तापवण्यात जातो, हे त्याच्या ध्यानात आले. मोठ्या इंजिनातही ही उधळपट्टी होत होती, पण तेथे ती इतकी डोळ्यांत भरत नव्हती. लहान आकाराने ती उघडी पाडली. वाफेचे पाणी करण्याचे काम सिलिंडरबाहेरच्या वेगळ्या पात्रात करावे, ही कल्पना त्याला 1765 साली सुचली.

सिलिंडरला तेल पोहोचवण्याची मित्राच्या इंजिनातली युक्तीही वाफेच्या पाणी होण्यावरच चालते. वाफेच्या नळीला जोडलेल्या छोट्या बंद डबीत घट्ट तेल भरलेले असते. डबीत थोडी वाफ शिरते, तिचे पाणी होते, पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि तेल तेवढ्याच प्रमाणात वर उचलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरकडे जाते. तेथे ना पंप असतो ना चाक. फेरी संपल्यावर मित्राने इंजेक्शनच्या पिचकारीने डबीतले पाणी ओढून काढले, तेव्हा ते दुधासारखे पांढुरके दिसत होते. जेवढे पाणी निघाले, तेवढे तेल खर्च झाले असा त्याचा हिशेब असतो.

हेच तेल शेवटी धुरांड्यातून रुळांवर शिंपडले जाते. पाचव्या फेरीला शेडमागच्या चढावर इंजिन जागच्या जागी चाके गरगर फिरवू लागले. जोर कमी पडला नव्हता. खऱ्या इंजिनात 10 ते 12 बार दाब असतो, येथे त्याच्या चौथाई. पण दट्ट्याचे क्षेत्रफळ 361 पटींनी घटताना वजन 6,859 पटींनी घटल्यामुळे वजनाच्या मानाने या इंजिनाचा जोर खऱ्या इंजिनाच्या जवळपास पाचपट भरतो. चाकाची पकड मात्र वजन आणि घर्षणगुणांक यांवरच ठरते, आणि आकार घटला म्हणून घर्षणगुणांक वाढत नाही. त्यामुळे जोर कितीही असला तरी तेलकट रुळावर तो निरुपयोगी ठरतो. माथेरानच्या मार्गावर 20 फुटांना 1 फूट असा चढ आहे. मित्राने 60 ला 1 यापेक्षा तीव्र चढ ठेवलेला नाही, कारण येथली वळणे फार आवळ आहेत आणि वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासून बरीच ओढ वाया जाते. आम्ही फडक्याने रूळ पुसले आणि गाडी चढून गेली.

दुपारी ऊन चढले तेव्हा मित्राने रुळांच्या सांध्यांमधल्या फटी दाखवल्या. सकाळी त्यांत नखाची कड सहज शिरत होती, आता त्या मिटत आल्या होत्या. 10 मीटर पितळी रूळ 30 अंशांनी तापला तर साडेपाच मिलिमीटरांहून अधिक वाढतो, आणि फट ठेवली नाही तर तो वाकून बाहेर येतो. डब्यांचे डुलणेही मला खटकत होते, कारण ते खऱ्या डब्यांपेक्षा फार चपळ दिसते. डोलण्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून 19 पट लहान डबा चारपटींहून थोड्या अधिक वेगाने डुलतो.

शेवटच्या फेरीत बर्नर विझला. असे होणे योजनेचाच भाग असतो: गॅसची टाकी एवढीच मोठी ठेवतात की बॉयलरमधले पाणी संपण्याआधी गॅस संपावा आणि कोरडा बॉयलर कधी तापू नये. आग नव्हती, तरी गाडी चालत राहिली. 2.7 बारला बॉयलरमधले पाणी सुमारे 141 अंशांवर असते. दाब उतरू लागला की हे पाणी साठलेल्या उष्णतेवर आपोआप उकळते, आणि दाब हवेच्या दाबाएवढा होईपर्यंत त्यातले सुमारे 8 टक्के पाणी वाफ होऊन जाते. काटा 40 वरून 30 वर आला, मग 20 वर, मग 10 वर. फेरी पुरी झाली, पुढची अर्धी झाली, आणि शेडमागच्या चढाच्या पायथ्याशी इंजिन एक लांब सुस्कारा टाकून थांबले.